डांबराचे पिंप : चटका, वाफ आणि धूर

दिवाळी सरली की रस्त्यांच्या कामांना वेग येतो आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत तो टिकतो. या काळात गावाच्या वेशीवर, घाटाच्या वळणावर किंवा शहरातल्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर काळ्या पिंपांची रांग हमखास दिसते. काही पिंपे उभी, काही आडवी, काहींच्या पोटातून काळा ओघळ मातीवर आलेला. शेजारी लाकडे पेटवलेली, वर डांबर उकळते आहे आणि झारा घेऊन दोन-तीन माणसे त्या धुरात उभी आहेत. हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की, त्या पिंपाजवळ काही धोका असेल असे जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात डांबर पिंपात भरल्यापासून ते पिंप रिकामे होऊन भंगारात जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ते माणसाच्या शरीराशी गाठ घालते. कधी भाजण्याच्या रूपाने, कधी स्फोटाच्या, तर कधी वर्षानुवर्षे छातीत जाणाऱ्या धुराच्या रूपाने.

पिंपात जाते ते काय?

कच्चे तेल शुद्धीकरण कारखान्यात तापवले की गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे हलके घटक वेगळे होतात. उरलेला जड गाळ निर्वात मनोऱ्यात पुन्हा तापवून त्यातलेही तेल काढून घेतल्यावर तळाशी जे राहते, ते डांबर. तांत्रिक भाषेत बिटुमेन. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या भिंतींतून पाणी झिरपू नये म्हणून नैसर्गिक बिटुमेनचा थर दिलेला होता, इतकी या पदार्थाशी माणसाची ओळख जुनी आहे.

आज बरेचसे डांबर कारखान्यातून गरम अवस्थेतच टँकरने थेट कामाच्या ठिकाणी जाते. पण जिथे टँकर पोहोचत नाही, जिथे काम छोटे आहे, जिथे मोठी तापवलेली टाकी नाही, तिथे पिंपाला पर्याय नसतो. लडाख आणि ईशान्येकडचे डोंगरी रस्ते, दुर्गम पाड्यांना जोडणारे रस्ते, गच्चीच्या गळतीची कामे ही पिंपाची ठिकाणे. इराण आणि आखाती देशांतून समुद्रमार्गे येणारे काही डांबरही पिंपांतूनच बंदरावर उतरते.

पिंप पातळ पोलादी पत्र्याचे आणि एकदाच वापरण्यासाठी बनवलेले असते. आपल्याकडच्या एका पिंपात साधारण १५५ किलो डांबर मावते. परदेशी पिंपांत ते १८० किलोपर्यंतही असते. डांबर पाण्यासारखे वाहते राहावे म्हणून ते शंभर अंशांच्या बरेच वर तापवून पिंपात सोडतात. भरल्यावर पिंप हात लावण्याजोगे व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात, कारण डांबर उष्णता फार सावकाश सोडते. बाहेरचा पत्रा निवला, वर साय धरली, तरी आतला गाभा पातळ आणि कडक गरम असू शकतो. भरलेली पिंपे घाईने हलवताना झाकण निसटले किंवा शिवण उसवली तर अपघात होतो, तो याच गाभ्यामुळे.

थंड होताना डांबर आक्रसते. तापमान शंभर अंशांनी उतरले तर आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी घटते. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या पिंपातही झाकणाखाली पोकळी तयार होते. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण पुढच्या मोठ्या धोक्याचे मूळ तिथेच आहे.

पाव लिटर पाण्याचा तडाखा

पिंपे महिनोन् महिने उघड्यावर पडून राहतात. झाकण चेपलेले असते, त्यात पावसाचे पाणी साचते आणि सैल फटीतून आतल्या पोकळीत उतरते. थंड डांबर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून हे पाणी वरच राहते. पण तापवल्यावर डांबर प्रसरण पावते, पाण्यापेक्षा हलके होते आणि पाणी त्याच्या खाली जाऊन बसते. आता वर शे-दीडशे किलो तापलेले डांबर आणि खाली पाणी अशी स्थिती असते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १७०० पट होते. म्हणजे पाव लिटर पाण्यातून चारशे लिटरहून जास्त वाफ निर्माण होते आणि ती क्षणात वर यायला धडपडते. दुधाला ऊत यावा तसे अख्खे पिंप फेसाळून बाहेर येते. फरक इतकाच की, हा ऊत दीडशे अंशांच्या पुढचा असतो आणि अंगाला चिकटतो.

दुसरा धोका तापवण्याच्या पद्धतीचा. उभ्या पिंपाखाली जाळ लावला की तळाचे डांबर आधी वितळते आणि फुगते, वरचा भाग मात्र घट्ट बुचासारखा राहतो. आत दाब वाढत जातो आणि बूच सुटले की डांबराचा फवारा उडतो किंवा पिंपच फाटते. म्हणून पिंप थेट जाळावर उभे ठेवणे हा सर्वांत धोकादायक मार्ग होय. झाकण पूर्ण काढून, गरम तेलाच्या नळ्या असलेल्या बंद यंत्रात पिंप ठेवून डांबर हळूहळू वितळवणे हा सुरक्षित मार्ग. ते शक्य नसेल तर निदान तोंड पूर्ण उघडे असावे, वर साचलेले पाणी आधी काढून टाकावे, तोंडाजवळचा भाग आधी वितळेल अशी उष्णता द्यावी आणि सुरुवातीला आच मंद ठेवावी.

जाळ फार वाढला तर डांबर पेटही घेते. रस्त्याच्या डांबराचा ज्वलनबिंदू भारतीय मानकानुसार किमान २२० अंश असावा लागतो, पण उघड्या लाकडाच्या जाळावर तापमापक लावून बसणारे क्वचितच. पेटलेल्या डांबरावर पाणी ओतणे म्हणजे वर सांगितलेला ऊत स्वतःच्या हाताने आणणे. तिथे कोरडी वाळू, पावडरचे अग्निशामक किंवा फेसच हवा.

डांबराचा चटका वेगळा का?

उकळते पाणी अंगावर पडले तर ते ओघळून जाते आणि लवकर निवते. डांबराचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते, शिवाय ते त्वचेवर चिकटून बसते आणि आपली उष्णता आत सोडत राहते. म्हणून लहानसा दिसणारा डाग खाली खोल जखम करून जातो. हात, मनगट, चेहरा आणि पायाचा घोटा या जागा सर्वाधिक सापडतात. पायात साध्या चपला असतील तर डांबर बोटांच्या बेचक्यात शिरते.

असा जखमी रुग्णालयात पोहोचतो तेव्हा बऱ्याचदा निम्मे नुकसान अपघाताने आणि निम्मे ‘प्रथमोपचारा’ने झालेले असते. सोबतच्यांनी घाबरून डांबर ओरबाडून काढलेले असते आणि डांबराबरोबर कातडीही निघून आलेली असते. किंवा रॉकेल, पेट्रोल, थिनर चोळलेले असते. या द्रावकांनी डांबर सुटते खरे, पण उघड्या जखमेची आग वाढते, ऊतींना इजा होते, ते त्वचेतून शरीरात शिरू शकतात आणि जवळ जाळ असेल तर माणूस पेटण्याचा धोका वेगळाच.

योग्य उपाय साधा आहे आणि तो पहिल्या मिनिटापासून सुरू व्हायला हवा :

• भाजलेल्या भागावर लगेच साधे वाहते पाणी सोडावे. किमान १० आणि शक्यतो २० मिनिटे. डांबर वरून कडक झाले तरी थांबू नये, कारण उष्णता आत शिल्लक असते. बर्फ लावू नये. शरीराचा मोठा भाग भाजला असेल तर पाण्याने माणूस गारठणार नाही याकडे लक्ष ठेवावे आणि न भाजलेला भाग पांघरुणाने झाकावा.

• अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण सूज येण्याआधी काढावे. कपडे सैल असतील तर काढावेत. डांबराने अंगाला चिकटलेले कापड ओढू नये, भोवतीने कापावे.

• त्वचेवरचे डांबर तसेच राहू द्यावे. ते इतक्या उष्णतेतून आलेले असते की त्यात जंतू टिकत नाहीत. तात्पुरती का होईना, जखम झाकलेली राहते. त्यावर स्वच्छ, कोरडे, न चिकटणारे कापड ठेवावे. हळद, टूथपेस्ट, शाई, शेण यांपैकी काहीही लावू नये.

• डोळ्यात किंवा पापणीवर डांबर उडाले तर भरपूर पाण्याने निववावे. डोळा चोळू नये, चिकटलेल्या पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत आणि थेट नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे.

• हात, पाय किंवा बोटाभोवती डांबराचे पूर्ण कडे बसले असेल तर ती तातडीची बाब समजावी. थंड होताना डांबर आक्रसते आणि आतला अवयव सुजतो. रक्तपुरवठा आवळला जाऊन बोट किंवा पंजा गमावण्याची वेळ येऊ शकते. डॉक्टर हे कडे उभे चिरून दाब मोकळा करतात. १०८ क्रमांकावर फोन करताना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

रुग्णालयात पुढे काय होते, हेही लोकांना ठाऊक असलेले बरे. आधी वेदनाशामक आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते. मग द्रवरूप पॅराफिन, सूर्यफुलासारखे खाद्यतेल किंवा स्निग्ध मलम डांबरावर लावून पट्टी बांधतात आणि काही तासांनी बदलतात. तेलात डांबर हळूहळू विरघळते आणि न ओढता सुटते. एका बैठकीत सगळे निघत नाही; घाई करण्याचे कारणही नसते. डांबर निघाल्याशिवाय खालची जखम किती खोल आहे हे समजत नाही, म्हणून ‘दोन दिवसांत बरे होईल’ असे पहिल्याच दिवशी कोणी छातीठोकपणे सांगू नये. जखम खोल असेल तर त्वचारोपण लागू शकते. आणि हे तेल थंड झालेल्या डांबरावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचे असते. गरम डांबरावर तेल ओतून वेळ घालवणे चुकीचेच. तिथे पाणीच हवे.

फुटक्या पिंपातून गळालेल्या डांबरात कुत्र्याची पिल्ले अडकल्याच्या घटना ठिकठिकाणी घडतात. प्राणिमित्र त्यांना सोडवतात तेही खाद्यतेल चोळूनच, ओढून किंवा रॉकेलने नव्हे. रस्त्याच्या डांबराचा मृदुबिंदू सुमारे ४७ ते ५० अंशांपासून सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात काळा पत्रा सहज त्याच्या पुढे तापतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पिंपे झिरपू लागतात. जिथे पिल्लू अडकते तिथे खेळणाऱ्या मुलाचा पायही अडकू शकतो, म्हणून साठ्याभोवती कुंपण आणि वर छप्पर हवे.

धूर : डांबराचा आणि डांबराच्या नावाने

आता धुराकडे. मराठीत आपण दोन वेगळ्या पदार्थांना ‘डांबर’ म्हणतो आणि त्यातून मोठा गोंधळ होतो. एक खनिज तेलापासूनचे बिटुमेन, दुसरे दगडी कोळशापासूनचे कोलटार. दिसायला दोन्ही काळे आणि चिकट. आरोग्याच्या दृष्टीने मात्र वेगळे.

कोळशाच्या काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या बाबतीत दाखवला. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानाला वारंवार कोलटार लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. पुढे यामागचे एक मुख्य रसायन, बेंझोपायरीन, वेगळे काढण्यात आले. आज कोलटार निश्चित कर्ककारक पदार्थांच्या यादीत आहे.

बिटुमेनमध्ये ही बहुचक्रीय संयुगे कोलटारच्या तुलनेत फारच कमी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये उपलब्ध पुरावे तपासून जो निष्कर्ष काढला तो असा : छपरांच्या कामात वापरले जाणारे, हवा फुंकून कडक केलेले बिटुमेन हाताळणाऱ्यांसाठी धोका ‘संभाव्य’ (गट २अ), तर रस्त्याच्या नेहमीच्या बिटुमेनचे काम करणाऱ्यांसाठी ‘शक्य’ (गट २ब). हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नव्हे. घाबरून जाण्यासारखे नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कर्करोगाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी रोजचा त्रास उरतोच : डोळ्यांची जळजळ, घसा खवखवणे, खोकला, डोकेदुखी, दम्याच्या रुग्णाला धाप, आणि कातडीवर केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुटकुळ्या. या धुराचे प्रमाण ठरते ते मुख्यतः तापमानावरून. ढोबळ हिशेब असा की, डांबर दहा-बारा अंशांनी जास्त तापले की धूर साधारण दुप्पट होतो. म्हणजे गरजेपेक्षा तीस-पस्तीस अंश जास्त तापवले तर कामगाराच्या नाकातोंडात आठपट धूर. डांबराची प्रतही त्यात बिघडते, म्हणजे रस्त्याचेही नुकसान. तापमापकाइतके स्वस्त आरोग्यसाधन या कामात दुसरे नाही.

पिंपाखाली काय जाळले जाते हेही महत्त्वाचे. लाकडाऐवजी जुने टायर, प्लॅस्टिक, तेलकट चिंध्या पेटवल्या जातात. आपण ज्याला ‘डांबराचा धूर’ म्हणून नाक दाबतो, त्यातला मोठा विषारी वाटा कित्येकदा त्या टायरचा असतो.

डांबराच्या मोठ्या बंद टाक्यांत आणि टँकरमध्ये आणखी एक वायू साचतो : हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास ही त्याची ओळख, पण ती फसवी आहे. प्रमाण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस टाकीच्या तोंडावर वाकतो आणि बेशुद्ध पडतो. त्याला काढायला श्वसनयंत्र न लावता दुसरा उतरतो, तोही आतच राहतो. झाकण उघडताना वाऱ्याकडे पाठ करून, तोंड बाजूला ठेवून उभे राहणे आणि टाकीत परवानगी व उपकरणांशिवाय न उतरणे, हे नियम जिवाशी संबंधित आहेत.

घराबाहेर दोन-तीन दिवस रस्त्याचे काम चालले तर रहिवाशांनी काय करावे? खिडक्या बंद ठेवाव्यात, दम्याच्या रुग्णाने पंप जवळ ठेवावा, लहान मुलांना त्या वेळी तिकडे पाठवू नये. इतक्या थोड्या काळाच्या संपर्काने निरोगी माणसाला दीर्घकालीन आजार होण्याची भीती बाळगू नये. खरी काळजी रोज आठ-दहा तास त्या धुरात उभ्या असणाऱ्यांची आहे.

रिकामे पिंप रिकामे नसते

डांबर काढून घेतले तरी पिंपाच्या आतल्या बाजूला थर राहतो. असे पिंप गॅस कटरने किंवा वेल्डिंगने कापायला घेतले की तो थर तापतो, त्यातून ज्वलनशील वाफ निघते आणि बंद पिंपात ठिणगी पडताच स्फोट होतो. पातळ करण्यासाठी रॉकेल मिसळलेल्या डांबराचे पिंप असेल तर हा धोका कितीतरी जास्त. बंद पिंपाला ठिणगी लावू नये. थंड अवस्थेत छिन्नीने किंवा यंत्राने दोन्ही तोंडे उघडल्याखेरीज त्याला हात घालू नये. आतले डांबर जाळून पिंप ‘स्वच्छ’ करण्याची पद्धतही आसपासच्या वस्तीला काजळी पाजणारी आहे.

कापून सपाट केलेले हे पत्रे टपऱ्यांना, झोपड्यांना आणि कामगारांच्या तात्पुरत्या वस्तीला लागतात. ज्याच्या अंगावर दिवसभर डांबर उडते त्याचे घरही बऱ्याचदा डांबराच्याच पत्र्याचे असते. उन्हाने तो पत्रा पाघळतो, आग लागली तर भडकतो. दुसरा काही आडोसा मिळेपर्यंत निदान डांबराची बाजू आत येऊ देऊ नये आणि चूल भिंतीपासून दूर ठेवावी. जुने पिंप पिण्याच्या पाण्यासाठी, धान्यासाठी किंवा गुरांच्या पाण्यासाठी वापरू नये. आतला थर खरवडून काढला तरी पत्र्याच्या शिवणीत डांबर आणि ते धुण्यासाठी वापरलेले रॉकेल उरतेच.

पाठीवरचे दीडशे किलो

भाजणे आणि धूर यांच्या चर्चेत कंबर विसरली जाते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलण्याचे कमाल वजन २३ किलो धरतात. पिंप त्याच्या जवळपास सातपट. ते ट्रकमधून जुन्या टायरवर लोटून उतरवतात, काठावर फिरवत नेतात, दोघे-तिघे मिळून उभे करतात. मणक्यातली चकती सरकणे, बोटे चेंगरणे, पायाच्या अंगठ्याचे हाड मोडणे या इजा त्यातूनच होतात. उतरवायला फळ्यांचा उतार, उभे करायला तरफ, हलवायला दोन चाकांची पिंपगाडी आणि पायात पोलादी टोकाचे बूट, यांचा खर्च एका शस्त्रक्रियेच्या खर्चापेक्षा कमीच भरेल.

धोका कमी करता येतो

पाण्यात बारीक कण विखुरलेले डांबर, म्हणजेच इमल्शन, बऱ्याच कामांत साध्या तापमानालाच वापरता येते. त्यात जाळ नाही, त्यामुळे चटका नाही आणि धूरही नगण्य. डोंगरी आणि पावसाळी भागांतल्या लहान रस्त्यांसाठी ते सोयीचे आहे. इमल्शनचे पिंप मात्र कधीही जाळावर ठेवू नये, कारण त्यात पाणी असतेच. मोठ्या कामांत तापमान २० ते ४० अंशांनी कमी ठेवून मिश्रण करण्याचे तंत्रही उपलब्ध आहे.

जिथे गरम डांबराला पर्याय नाही, तिथे पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, कोपरापर्यंतचे उष्णतारोधक हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, बुटांवरून सोडलेली पँट आणि जवळ किमान दोनशे लिटर स्वच्छ पाणी, एवढे तरी असायलाच हवे. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे नकोत. ते वितळून अंगाला चिकटतात. काम संपल्यावर आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, रॉकेलने नव्हे.

रस्त्यावर काम करणारा मजूर हा कायद्याने बांधकाम कामगारच आहे. वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयोगटातील कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते आणि मंडळाच्या आरोग्यविषयक व इतर योजनांचा लाभ घेता येतो. पण ही मंडळी कामामागे गाव बदलत फिरतात, ९० दिवसांचा दाखला त्यांच्या हाती पडत नाही आणि नोंदणी राहून जाते. तो दाखला देणे हे मुकादमाचे आणि ठेकेदाराचे उपकार नव्हेत, जबाबदारी आहे. ग्रामपंचायतीने आणि नगरसेवकाने काम सुरू करतानाच तीन गोष्टी विचारल्या तरी बरेच साधेल : मजुरांची नोंदणी झाली आहे का, तापमापक आहे का, आणि पाण्याचे पिंप भरलेले आहे का?